तणावपूर्ण शांतता

"सर, तुमचं कुणाशी बोलणं बंद हाय का?"

आठवीतल्या एका पोरानं विचारलं आणि वर्गात पंख्याची घरघर तेवढी उरली. शनिवारची सकाळची शाळा. सांगलीवाडीकडच्या त्या शाळेच्या व्हरांड्यात खिचडी शिजत होती, हळद-जिऱ्याचा वास खिडकीतून आत येत होता, आणि आत सतरंजीवर चाळीसेक पोरं गोल करून बसली होती. गोलाच्या मध्यावर समोरासमोर दोघं. एकाच्या शर्टाची वरची दोन बटणं तुटलेली, दुसऱ्याच्या भुवईवर चिकटपट्टी. मोबाइलच्या स्टेटसवरून सुरू झालेलं भांडण बाकापर्यंत आलं होतं, बाकावरून ग्राउंडवर गेलं होतं. मास्तर त्यांच्याकडून एकच गोष्ट करून घेत होते. एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं आपलं म्हणणं मांडायच्या आधी पहिल्यानं काय सांगितलं ते सांगून दाखवायचं. ऐकायला किती सोपं! चार वेळा झालं तरी भुवईवाल्याला ते जमेना. तो प्रत्येक वेळी "त्यो म्हणतोय की माझीच चूक हाय" असंच म्हणायचा आणि समोरचा ओरडायचा, "मी आसं म्हटलोच न्हाई!" शेवटी वैतागून त्यानं तोफ मास्तरांकडेच वळवली.

मास्तरांच्या हातात खडू होता. तो त्यांनी दोन बोटांत फिरवला. मला वाटलं, आता हसून "अरे, माझं कुणाशी भांडण असेल" वगैरे काहीतरी येणार. ते म्हणाले, "हाय. एक हाय." आणि लगेच दुसऱ्याकडे वळून, "हं, तू सांग. त्यानं काय सांगितलं?"

मी मागे भिंतीला टेकून वही घेऊन बसले होते. पोरांना भांडण बोलून सोडवायला शिकवणारा मास्तरांचा एक गट आहे, या लोकांच्या कामाच्या नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे आहे. पगारी नाही, हौसेचं. त्या दिवशी वहीत मी 'हाय, एक हाय' एवढंच लिहिलं आणि पुढे काही सुचेना. परत येताना पुलावर गाडी हळू केली, खाली कृष्णेचं पाणी मातकट, शांत. डोक्यात तेच. ज्याचं स्वतःचं बोलणं बंद आहे त्यानं पोरांना बोलायला शिकवावं? आणि विचारलं गेल्यावर इतक्या सरळ कबूल करावं?

आपल्याकडे हा शब्दच मुळात अडचणीचा आहे. शांतता. भांडण नसणं तीही शांतता आणि आवाज नसणं तीही शांतताच. माझ्या शाळेच्या जिन्यावर निळ्या रंगात 'शांतता राखा' लिहिलेलं असायचं. हाताची घडी, तोंडावर बोट. बाई वर्गात नसताना बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचा मान मॉनिटरला, आणि ज्याचं नाव फळ्यावर नाही तो शहाणा. दहा वर्षं हे शिकून आम्ही बाहेर पडलो ते गप्प बसण्यात पटाईत होऊन. सणासुदीच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता कमिटीची बैठक होते, तिथंही नेमका तोच मामला. दोन्हीकडची वजनदार माणसं पहिल्या रांगेत, चहा, बिस्किटं, 'आपल्या शहराला परंपरा आहे', टाळ्या. परंपरा आहे हे खोटं नाही. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो, कडेगावच्या मोहरमच्या उंच ताबुतांना हिंदू खांदा देतात, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. पण २००९ च्या सप्टेंबरात गणपतीतल्या एका कमानीवरून मिरज पेटली तेव्हा हेच सगळं असूनही पेटली. संचारबंदी लागली, गणपती मांडवातच थांबले. तेव्हा मी मिरजेत राहत होते. दुपारी तीन वाजता भर बाजारपेठेतल्या गल्लीत पत्र्यावर कावळ्याची नखं वाजलेली ऐकू येत होती. पोलिसांची गाडी भोंग्यावरून सांगत जायची, शांतता राखा. आणि पेपरात तो ठरलेला मथळा, जो मराठी पत्रकारितेनं बहुधा शिशाचे खिळे असल्यापासून जुळवूनच ठेवला असावा: शहरात तणावपूर्ण शांतता.

नॉर्वेतला योहान गाल्टुंग मुळात गणित आणि समाजशास्त्र शिकलेला. लष्करी सेवेला नकार दिला म्हणून तुरुंगात जाऊन आलेला. १९५९ साली त्यानं ऑस्लोत शांतता संशोधनाची संस्था उभी केली आणि पुढे एक फरक करून दिला. मारामारी थांबलेली असणं ही एक शांतता, आणि मारामारीची कारणंच उरलेली नसणं ही दुसरी. पहिलीला त्यानं नकारात्मक म्हटलं, दुसरीला सकारात्मक. जगभरच्या शांतता शिक्षणाच्या अभ्यासक्रमात हा धडा पहिल्या आठवड्यात येतो. मी तो वाचला तेव्हा आधी हसूच आलं. आमच्या पेपरवाल्यांनी पहिलीचं नाव केव्हाच पाडून ठेवलेलं. दुसरीसाठी मात्र त्यांच्याकडे मथळा नाही.

तर हे मास्तर. शाळेत मास्तर म्हणून यांनी एक दिवसही नोकरी केलेली नाही. ते एसटीत कंडक्टर होते, आणि आपल्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात. "मास्तर, दोन फुल एक हाफ." त्यामुळे निवृत्तीनंतर वर्गात उभं राहिल्यावर नवीन काही वाटलं नाही म्हणतात, फक्त हातात चिमटा नव्हता. बरीच वर्षं सांगली–इस्लामपूर. डिग्रज, तुंग, आष्टा. एसटीतल्या भांडणांचं त्यांनी एकदा मला वर्गीकरणच करून दाखवलं. सुट्ट्या पैशांचं भांडण, खिडकीचं भांडण, कोंबडीला तिकीट लागतं का हे भांडण आणि सगळ्यात अवघड म्हणजे रुमालाचं. गाडी फलाटाला लागते न लागते तोच एकजण बाहेरूनच खिडकीतून रुमाल टाकतो. दुसरा धक्के खात दारातून चढतो आणि त्याच जागेवर बसतो. आता जागा कुणाची? "दोघंबी बरोबर असत्यात बघा. एकानं आधी धरली, दुसऱ्यानं कष्टानं मिळवली. न्याय करायला गेलं की गाडी आष्ट्यापर्यंत पेटलेली." सुरुवातीला ते न्यायच करायचे. चूक कुणाची ते ठरवायचे, आवाज चढवायचे. ते बदलायला त्यांचा ड्रायव्हर कारणीभूत झाला. आष्ट्याचाच माणूस, एका ड्यूटीवर दोघांनी अकरा वर्षं काढलेली. एकदा रुमालावरून शर्टाच्या कॉलरी धरल्या गेल्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली, केबिनमधून वळून दोघांना फक्त एवढंच विचारलं, "कुठं उतरायचंय?" एकाला तुंगला उतरायचं होतं आणि दुसऱ्याला इस्लामपूरला. "मग तुंगपर्यंत हा बसंल, फुडं तू." सगळी गाडी हसली. तेव्हापासून मास्तरांनी चूक कुणाची हे विचारणं सोडलं आणि ड्रायव्हरचा प्रश्न उचलला. हे सांगताना ते खुलले होते. मी विचारलं, ड्रायव्हर आता कुठं असतात? तर म्हणाले, "आसंल की," आणि खिशातून चष्मा काढून पुसायला लागले.

आज वर्गातही त्यांचा तोच एक प्रश्न. पोरं बोलायला लागली की तक्रारींचा पूर येतो. यानं असं केलं, त्यानं आईवरून शिवी दिली. ते सगळं ऐकून घेतात आणि मग, "बरं. आता तुला कुठं उतरायचंय?" पोरांना हा प्रश्न लगेच कळतो, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. बटणं तुटलेला म्हणाला होता, "त्यानं स्टेटस काढावं आन् शर्टाचं पैसं द्यावं." म्हणजे तुंग. भुवईवाला मात्र "मला त्याच्या बाकावर बसायचं न्हाई" म्हणाला, आणि थोड्या वेळानं, न विचारता, "पण क्रिकेटला तो लागतोय."

कोचिंग म्हटलं की आमच्या विश्रामबागेत चौकाचौकात नीट-जेईईच्या फ्लेक्सवर ओळीनं पोरांचे फोटो येतात. त्या शब्दाचा दुसरा अर्थ, म्हणजे उत्तर न देता प्रश्न विचारून माणसाला पुढे नेणं, मला या लोकांमुळेच कळला, म्हणून जरा खोदून पाहिलं. हंगेरीत कोच नावाचं गाव आहे, तिथं चांगल्या घोडागाड्या बनायच्या. त्यावरून गाडीला कोच, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डची पोरं परीक्षेच्या पार नेऊन सोडणाऱ्या शिकवणीवाल्यालाही कोच म्हणायला लागली. माणसाला त्याच्या मुक्कामावर नेऊन सोडणारी गाडी! मास्तरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग तीस वर्सं आमी काय करत हुतो?" कामाच्या ठिकाणी चालणारं आजचं कोचिंग ज्यांनी रुजवलं त्यांत जॉन व्हिटमोर हा इंग्रज होता, आणि हा पठ्ठ्या मोटारशर्यतीतला. १९६५ चा युरोपातला टूरिंग कारचा विजेता. त्याला वाट दाखवली ती टिमथी गॉलवे या अमेरिकन टेनिसवाल्यानं. चेंडू नीट बघ असं ओरडण्याऐवजी गॉलवे खेळाडूला विचारायचा, चेंडूवरची शिवण कशी फिरताना दिसते? मग खेळाडू आपसूक नीट बघायचा. व्हिटमोरचे पुढचे प्रश्नही चारच होते, आणि त्यातला पहिला, तुला पोहोचायचंय कुठं. आष्ट्याच्या त्या ड्रायव्हरनं या दोघांची नावंही ऐकलेली नसणार.

या कामात येणारी माणसं बघितली की हेच दिसतं. कुणीही शांततेची पदवी घेऊन आलेलं नसतं. मारिया माँटेसरी १८९६ साली रोममध्ये डॉक्टर झाली, मुलांकडे वळली आणि १९३२ पासून युरोपभर शिक्षण आणि शांततेवर बोलत फिरली. १९३९ ला ती मद्रासला आली. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरली तेव्हा इंग्रज सरकारनं तिच्या मुलाला स्थानबद्ध केलं, आणि ही बाई इथंच शिक्षकांना शिकवत राहिली. आणि आपले कर्मवीर भाऊराव पाटील? ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत फिरणारा माणूस. त्याआधी साताऱ्यात शिकवण्या घ्यायचे, म्हणून पाटील मास्तर. म्हणजे कोचिंगच. १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्यात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजी आले आणि त्याचं शाहू बोर्डिंग असं नाव ठेवून गेले. सगळ्या जातींची पोरं तिथं एकत्र स्वयंपाक करायची आणि एका पंगतीत जेवायची, त्या काळात. माझे आजोबा रयतच्याच एका बोर्डिंगात होते. ते समतेवर कधी एक वाक्य बोलले नाहीत. सांगायचे ते भाकरीचं. कुणाची भाकरी जाड, कुणाची करपलेली, आणि पाळी आली की खायची. विकत फिरणाऱ्या माणसाला दार उघडणाऱ्याचं तोंड वाचता येत असणार, कुणाला काय लागतं ते कळत असणार. ते सगळं त्यांनी पोरांसाठी गोळा करत फिरताना वापरलं असेल, असं आपलं मला वाटतं.

आमच्या गटात सिस्टर आहेत. मिरजेच्या दवाखान्यात उभी हयात गेली, आता गुडघे दुखतात. अपघात विभागात पेशंट दगावला आणि पन्नास नातेवाईक आत घुसले की त्या काय करायच्या? स्टुलं पुढे सरकवायच्या. "बसा आधी. पाणी आण गं." त्यांचं म्हणणं, बसलेल्या माणसाला मारता येत नाही, उठावं लागतं, आणि उठता उठता माणूस अर्धा विचार करतो. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची खूण ४५ वर आहे, यावरून काय ते समजा. तेव्हा सिस्टर एका शाळेतल्या निवारा केंद्रात होत्या. पुरात माणुसकीचं दर्शन घडलं असं आपण लिहितो, घडलंही. पण चौथ्या दिवशी डाळभाताच्या रांगेत, ओल्या सतरंज्यांच्या कुबट वासात, कुणाच्या पोराला दोन बिस्किटपुडे मिळाले यावरून दोन बायकांच्या झिंज्या सिस्टरनीच सोडवल्या. त्या दोघींना त्यांनी समजावलं नाही. पुडे वाटायचं काम त्यांच्याकडे दिलं, दोघींनी मिळून.

वस्ताद फार बोलत नाहीत. तालमीतले कान चेपलेले, आवाज बारीक. त्यांचा तास म्हणजे पोरांना मातीत नेऊन सलामी शिकवणं. हाताला हात लागल्याशिवाय धरायचं नाही, आणि पाठ लागली की कुस्ती संपली. "बाहेरच्या भांडणात पाठ कधी लागली ते ठरलेलंच नसतंय," ते एकदा म्हणाले, "म्हणून संपत न्हाई." मिरजेचे एक सतारमेकरही मधून येतात. त्यांना मी हौसेनं म्हटलं, तुम्ही सूर जुळवणारे, तुम्हाला हे सोपं. ते म्हणाले, "ताई, तारेला आई-बाप नसतात." तो विषय तिथंच संपला.

हे सगळं छानच चालतं असं नाही. मागे एक कोट घातलेले प्रशिक्षक येऊन गेले, छातीला माइक, पडद्यावर सूर्योदय. 'माफ करा आणि मुक्त व्हा.' पोरांनी डोळे मिटून शत्रूला माफ केलं आणि मधल्या सुट्टीत पुन्हा धरलं. त्याहून मोठं दुखणं दुसरं आहे. नववीतली एक मुलगी, तिच्या मागे रोज सायकलवरून येणारा एक मुलगा. कुणीतरी शिक्षकांनी सुचवलं, दोघांना गोलात बसवा, बोलू द्या. सिस्टर एकदम उभ्या राहिल्या. "हे भांडण नाही, हा त्रास आहे. यात दोन बाजू नाहीत." मुलीच्या घरी गेल्या, मुख्याध्यापकांकडे गेल्या, लेखी घेतलं. मला ते पाहून हायसं वाटलं आणि थोडी लाजही. मी त्या मुलीच्या वयाची असताना मला सगळ्यांनी सांगितलं होतं, तू रस्ता बदल, उगाच बोभाटा नको. मी बदलला. घरात शांतता राहिली.

आमच्या घरात शांतता पुष्कळच होती. वडील आणि थोरले चुलते यांच्यात बांधाचं भांडण, हातभर जमिनीचं. तासगावच्या कोर्टात तारखा चालू. २००७ च्या १५ ऑगस्टला आर. आर. आबांची तंटामुक्त गाव मोहीम निघाली. आबा आमच्याच भागातले, त्यामुळे गावाला चेव चढला. समिती झाली, दाव्यांची यादी झाली, आमचा दावा वरून तिसरा. मला ती संध्याकाळ आठवते. देवळाच्या कट्ट्यावर सतरंजी, समितीची चार माणसं, वडील एका टोकाला, तात्या दुसऱ्या टोकाला. गावाच्या बक्षिसासाठी सह्या करा, एवढंच सगळे म्हणत होते. दोघांनी केल्या. पेढा वाटला. वेशीवर 'तंटामुक्त गाव' अशी पाटी लागली आणि त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. कोर्टात निदान तारखेला भेट व्हायची, वकिलाच्या नावानं दोघं मिळून बोटं मोडायचे, परतीच्या गाडीत कधी एका बाकावर बसायचे. ते सगळं मिटलं. मोहीम वाईट होती असं मी म्हणणार नाही, कितीतरी खरी भांडणं तिच्यात सुटली असतील. पण कट्ट्यावर कुणीही वडिलांना विचारलं नाही की तुम्हाला कुठं उतरायचंय. मला ठाऊक आहे ते काय म्हणाले असते. जमिनीचं नसतं म्हणाले. आजीच्या शेवटच्या आजारात तात्यांनी निरोप उशिरा धाडला, ते म्हणाले असते. वडील गेले तेव्हा तात्या आले, अंगणात पारिजातकाखाली उभे राहिले, पायातलं न काढता. मी पाणी घेऊन गेले, त्यांनी तांब्या घेतला, तोंडाला लावला नाही, आणि जाताना कट्ट्यावर ठेवून गेले.

त्या भरल्या तांब्याचं काय करायचं ते मला कळेना. शेवटी झाडाला घातलं.

मधे दोन शनिवार शाळा नव्हती. तिसऱ्या शनिवारी गेले तर गोल नेहमीसारखा, वास मटकीचा. बटणं तुटलेल्याच्या शर्टाला नवीन बटणं होती, दोन वेगळ्या रंगांची. भुवईवाला त्याच्या शेजारी नव्हता, पण एक पोरगं सोडून होता. मास्तरांनी हजेरीसारखं एकेकाला विचारलं, कुणाचं काय झालं. भुवईवाल्याची पाळी आली तसं त्यानं सांगायचं सोडून विचारलं, "सर, तुमचं झालं का बोलणं?"

"न्हाई."

पोरगं गप्प बसलं. मग मान तिरकी करून, मास्तरांच्याच चालीत, ओठांच्या कडेला हसू दाबत, "मग तुमाला कुठं उतरायचंय?"

पोरं खिदळली. सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मास्तर फळ्याकडे वळले, डस्टर उचललं, फळा कोराच होता तरी एकदा पुसला.

"आष्ट्याला," ते म्हणाले.